आमच्या गेटबाहेर गेलेलं पाणी

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. साडेपाचला कात्रजच्या बाजूने काळंकुट्ट आभाळ आलं, गडगडाट सुरू झाला आणि सात वाजेपर्यंत खाली उभ्या असलेल्या टू-व्हीलर सायलेन्सरपर्यंत पाण्यात, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, मीटरबॉक्सपासून वीतभर खाली पाणी. वॉचमनमामा गुडघाभर पाण्यात उभे राहून फावड्याच्या दांड्याने जाळी मोकळी करत होते, एकटेच. बाकी आम्ही सगळे जिन्यात उभे राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली आणि एका कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन दिलं, की तुमची सध्याची सहा इंची पावसाळी लाइन काढा, नऊ इंची टाका, थेट मागच्या ओढ्यात सोडा, विषय संपला. चार लाख ऐंशी हजार. हात वर करून मंजूर व्हायच्या बेतात होतं, मीसुद्धा हो म्हणणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी सहज हे सांगितलं. त्या ओढ्याच्या काठी, आमच्या सोसायटीपासून खाली पाऊण किलोमीटरवर राहतात. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या वरच्या सोसायट्यांचं पाणी सुटलं की आमच्याकडे अर्ध्या तासात उंबऱ्याला लागतं. आम्ही पाऊस नाही बघत, ओढ्याचा आवाज बघतो. आवाज बदलला की पोरं उचलायची." बस एवढंच, तक्रारीचा सूरही नव्हता, रोजची माहिती सांगावी तसं सांगितलं. आणि माझ्या डोक्यात ते नऊ इंची पाइपचं कोटेशन एकदम वेगळंच दिसायला लागलं. आमचं पार्किंग कोरडं ठेवायला आम्ही तेच पाणी दुप्पट वेगाने मावशींच्या घराकडे सोडणार होतो.

पुण्यात राहणाऱ्यांना २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सांगायला नको. आंबील ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, पद्मावती, दांडेकर पूल, सगळीकडे पाणी घुसलं, भिंती कोसळल्या, शहर आणि आसपास मिळून वीसाहून जास्त माणसं गेली. मुठा नदी नाही हो, ओढा. एरवी ज्याच्यावरून आपण नाकाला रुमाल लावून जातो तो. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर धरण फुटून आला होता, त्याची गोष्ट वेगळी. २०१९ चा पूर मात्र डोंगरउतारावर काही तास जोरात पडलेल्या पावसाचा होता, आणि ते पाणी मधे कुठेही न थांबता, न मुरता, सिमेंटवरून घसरत एकाच वेळी खाली आलं. उतारावरची शेतं, पडीक जमीन, नाल्याकाठची झाडी होती तेव्हा तोच पाऊस ओढ्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. आता लागत नाही.

याच ओढ्यावर पेशव्यांनी काय केलं होतं बघा. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला बंधारे घालून तलाव केला, त्यातून दगडी भुयारी नळ काढून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं, वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा निघायला आणि गाळ काढायला जागा. ओढ्याचा प्रवाहही वळवला. आपण ही योजना पिण्याच्या पाण्याची म्हणून ओळखतो ते बरोबरच आहे, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, पाणी वर अडवायचं, गाळ तिथेच बसू द्यायचा, मग सावकाश खाली आणायचं. अडीचशे वर्षांपूर्वी हे कळत होतं, आणि आपण मात्र पावसाच्या पाण्याला घाणीसारखं वागवतो, लवकरात लवकर दाराबाहेर काढायचं एवढीच योजना.

तर मी मीटिंगमध्ये एक महिना मागून घेतला. आमच्याच बी विंगमध्ये पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, आधी वही घे आणि पाऊस पडताना खाली उतर, उन्हाळ्यात बसून पाण्याचं डिझाइन होत नाही. तो ऑक्टोबर तसाच निसटता मिळाला, दोन पाऊस मिळाले, मी छत्री, टॉर्च आणि खडू घेऊन खाली. कुठलं पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे साचतं, भिंतीवर खडूने खुणा केल्या. आणि जे दिसलं ते कुठल्याच नकाशात नव्हतं. गच्चीचे सहापैकी दोन पाइप पावसाळी लाइनला न जोडता सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले होते, म्हणून जोराचा पाऊस आला की ए विंगच्या मागचं चेंबर उकळल्यासारखं वर यायचं आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममधून घाण पाणी उलटायचं. काकू चार वर्षं तक्रार करत होत्या आणि प्रत्येक वेळी प्लंबर बोलावून ड्रेनेज साफ करून घेतलं जात होतं. ड्रेनेज तुंबलेलं नव्हतंच, त्यात गच्चीचा पाऊस ओतला जात होता. तुमच्याकडे असं होत असेल तर प्लीज आधी हे तपासा, गच्चीच्या एकेका पाइपमध्ये वरून बादलीभर पाणी ओता आणि खाली कुठलं चेंबर वाजतं ते ऐका.

मग हिशोब. काकांनी हा इतका सोपा करून सांगितला की मी तो आता कुणालाही सांगत सुटते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. झालं. आमचा प्लॉट ३,२०० चौरस मीटर, त्यात गच्ची ११००, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट १५००, माती उरली ६००. तासाला ५० मिलिमीटर असा पाऊस धरा, परतीच्या पावसात असा पडतो. गच्चीवरचं दहातलं नऊ हिस्से पाणी खाली येतं, पेव्हरवरचं साधारण पंच्याऐंशी टक्के, मातीवरचं मात्र पावच, बाकीचं मुरतं. बेरीज केली तर एका तासात एक लाख वीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे बारा टँकर! सेकंदाला तेहतीस लिटर, आणि आमची सहा इंची लाइन, शंभराला एक असा उतार धरला तर, सेकंदाला कशीबशी पंधरा-सोळा लिटर वाहून नेणार. म्हणजे पार्किंगमध्ये पाणी भरलं यात कुणाचं नशीब वाईट नव्हतं, भरणारच होतं.

आणि हो, हीच सोसायटी एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घेते. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर, नुसत्या गच्चीचा हिशोब केला तरी वर्षाला साडेसहा लाख लिटरच्या पुढे जातो. हे वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं तेव्हा पहिल्यांदाच सगळे गप्प झाले.

काकांचं म्हणणं असं होतं की प्रश्न पाण्याचा नाही, वेळेचा आहे. ते बारा टँकर एका तासात ओढ्यात गेले तर पूर, तेच सहा तासांत गेले तर ओढा नुसता वाहतो, आणि त्यातले चार-पाच जमिनीत गेले तर अजून चांगलं. मुंबईचं उदाहरण ते नेहमी देतात. तिथली जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, ती ५० करायची असं ब्रिमस्टोवॅडच्या, म्हणजे मुंबईची पावसाळी गटारं सुधारायच्या योजनेच्या, १९९३ च्या अहवालात ठरलं, काम रेंगाळलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. कितीही मोठं गटार बांधा, त्याच्यापेक्षा मोठा पाऊस येणारच, शिवाय भरती असेल तर समुद्र पाणी घेतच नाही. म्हणून आता दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला मैदानाखाली टाक्या बांधून पाणी तात्पुरतं साठवून ठेवायचा मार्ग घेतला. म्हणजे शेवटी मुंबईलाही पाण्याला थांबायला जागा द्यावीच लागली, फक्त ती जमिनीखाली, महागात. सिंगापूरने कलांग नदीचा काँक्रीटचा सरळ कालवा २०१२ पर्यंत फोडून बिशान पार्कमधून वळणं घेत जाणारी नदी परत केली, तीन किलोमीटर. पूर आला की पार्कचा तो सखल भाग पाण्याखाली जातो, तो तसा जावा म्हणूनच ठेवलाय, एरवी तिथे पोरं खेळतात. आपल्याकडे ओढ्याकाठी नेमकं उलट चाललंय, भिंत बांधा, ओढा अरुंद करा, वरून स्लॅब टाका. याचा मला मनापासून राग येतो आणि तो मी लपवत नाही. ओढ्याची रुंदी कुणाच्या सोयीने ठरत नसते, वरच्या पावसाने ठरते.

आता आमचं डिझाइन. डिझाइन हा फार मोठा शब्द झाला पण खरंच कागदावर काढलं, लेव्हल घेतल्या, काकांनी गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली आणि आम्ही दोघांनी दोन रविवार ती नळी धरून अख्ख्या कंपाउंडचे चढउतार मोजले. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, बाकी काही लागत नाही. कळलं असं की आमचं बागेचं वाफ्यासारखं बेट आजूबाजूच्या पेव्हरपेक्षा सात इंच उंच होतं, चारी बाजूंनी सुंदर कठडा बांधलेला. म्हणजे कंपाउंडमधली एकमेव मुरायची जागा पाण्यापासून जपून ठेवलेली! जवळजवळ प्रत्येक सोसायटीत हेच असतं, जाऊन बघा, लॉन उंच आणि रस्ता खाली, मग लॉनची माती पावसात वाहून रस्त्यावर येते आणि लॉनला पाणी घालायला परत बोअर चालवायचा.

मग मुरण्याची परीक्षा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा खणला, पाण्याने भरला, एकदा मुरू दिला, परत भरला आणि पट्टी लावून बसलो. तासात अर्धा इंच. काळी माती, चिकट, भिजली की फुगते आणि दारं बंद करून घेते. काका म्हणाले अजून खाली जाऊ. साडेपाच फुटांवर मुरूम लागला, पिवळसर, भुसभुशीत, तिथे त्याच खड्ड्यात पाणी तासाला चार इंच उतरलं. मी तो ओला मुरूम मुठीत धरला तर बोटांच्या फटीतून पाणी निघून गेलं आणि हातात नुसती खडबडीत वाळू राहिली. हे महत्त्वाचं का, तर आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात सगळीकडे पाणी मुरत नाही. कुठे चार फुटांवर अखंड खडक लागतो आणि तिथे शोषखड्डा म्हणजे नुसता खड्डा, महिनाभर डबकं. नियमात आहे म्हणून, ५०० चौरस मीटर किंवा जास्त प्लॉटला रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे म्हणून, कुठेतरी कोपऱ्यात एक खड्डा खणून खडी टाकून फोटो काढलेले मी इतके बघितलेत. आमच्याही सोसायटीत एक होता, बिल्डरच्या काळचा, त्यावर आता झेंडूच्या कुंड्या ठेवलेल्या आणि त्याला जोडलेला एकही पाइप नाही.

काम असं केलं. बागेचं बेट, साधारण ९० चौरस मीटर, तीन फूट खणलं, तळाशी खडी आणि भोकं पाडलेला पाइप, त्यावर वाळू, माती आणि शेणखत मिसळून भरलं, आणि वरची पातळी पेव्हरपेक्षा आठ इंच खाली ठेवली. कठडा तीन ठिकाणी फूट-फूट फोडला म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत येईल. आठ इंच भरलं की अठरा हजार लिटर तिथे थांबतं, त्याच्या वर गेलं तर चार इंची पाइपने पावसाळी लाइनला. झाडं म्हणून कर्दळ, वाळा आणि कडेला लव्हाळा, दोन दिवस पाण्यात आणि दोन महिने कोरड्यात काढू शकतील अशीच. लॉन नाही. यावर एका मेंबरशी बराच वाद झाला, लॉन हवंच म्हणून, आणि मी मागे हटले नाही.

बोअर आटल्यापासून रिकामी पडलेली चाळीस हजार लिटरची जुनी टाकी साफ करून घेतली आणि गच्चीचे चार पाइप तिला जोडले, आधी जाळी आणि गाळाचं चेंबर घेऊन. या टाकीची मांडणी मात्र नीट समजून घ्या, कारण सगळे इथेच चुकतात. साठवायची टाकी भरलेली असावी लागते आणि पूर अडवायची टाकी पाऊस यायच्या आधी रिकामी असावी लागते. दोन्ही एकातच करायचं तर उंची वाटून द्यायची. आम्ही खालचे दहा हजार लिटर गाड्या धुवायला, जिने पुसायला, झाडांना ठेवले आणि त्या पातळीवर फक्त दोन इंची पाइप बाहेर काढला. वरचे तीस हजार पावसात भरतात आणि पाऊस थांबल्यावर त्या बारक्या पाइपातून तीन-चार तासांत सावकाश जातात. एवढाच खेळ आहे, मोठ्या पाइपने पाणी आत घ्यायचं आणि छोट्याने बाहेर सोडायचं. ड्रेनेजला जोडलेले ते दोन पाइप मुरमापर्यंत खणलेल्या दोन शोषखड्ड्यांकडे वळवले, पाच बाय पाच, दहा फूट खोल, इमारतीच्या पायापासून पंधरा फुटांवर, आणि जास्तीचं पाणी तिथून पावसाळी लाइनला. काकूंच्या बाथरूममधून त्यानंतर एकदाही पाणी उलटलेलं नाही.

बाग, टाकी आणि शोषखड्डे सगळं मिळून त्रेपन्न हजार लिटर थांबतं, म्हणजे त्या बारा टँकरमधले पाचच्या वर. खर्च दोन लाख चाळीस हजार. उरलेल्यासाठी पार्किंगसमोरचे तीनशे चौरस मीटर पेव्हर काढून खाली फूटभर खडी आणि वर जाळीदार ब्लॉक टाकायचेत, त्याने अजून तीसेक हजार लिटर थांबेल, पण त्याला पैसे अजून जमलेले नाहीत.

डासांचं बोलणं व्हायलाच हवं कारण प्रत्येक मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच. "ताई, तुम्ही डेंग्यू पाळताय," असं मला एका आजोबांनी तोंडावर सांगितलं, आणि त्यांच्या नातीला आदल्या वर्षी डेंग्यू झाला होता त्यामुळे त्यांची भीती खरीच होती. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून साचलेलं पाणी दोन दिवसांच्या आत गेलंच पाहिजे हा आमचा नियम. नुसतं सांगून भागलं नाही, मी बागेत एक पट्टी रोवली आणि प्रत्येक पावसानंतर आजोबांनाच वाचायला सांगितली. पहिल्या पावसाळ्यात जुलैमध्ये बाग नापास झाली, तीन दिवस पाणी तसंच. बघितलं तर शेजारच्या बांधकामावरून आलेली बारीक माती वर बसून पापुद्रा झाला होता. वरची दोन इंच माती खरवडून काढली, कठडा फोडलेल्या तिन्ही ठिकाणी दगड रचून गाळ अडवायला छोटे खळगे केले, आणि आता ते दर महिन्याला साफ होतात. ज्या डिझाइनमध्ये गाळ कुठे बसणार आणि तो कोण काढणार हे लिहिलेलं नाही ते डिझाइन अर्धवट आहे असं माझं ठाम मत झालंय. आमच्याकडे ते वॉचमनमामांकडे आहे आणि त्याचे वेगळे पैसे त्यांना मिळतात, हेही ठरावात लिहून घेतलं.

या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी तसाच पाऊस आला. आजी या दिवसांतल्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणायची आणि अंगणातलं सगळं आवरून ठेवायची, मला तेच आठवत होतं. रात्री साडेनऊला मी आणि आजोबा टॉर्च घेऊन खाली. कठड्याच्या फटीतून पाणी फेसाळत बागेत शिरत होतं, कर्दळीची पानं पाण्यावर तरंगल्यासारखी, पट्टीवर चार, पाच, साडेसहा, मग आठ, आणि वरच्या पाइपने पाणी घ्यायला सुरुवात केली. पार्किंगच्या तोंडाशी चार बोटं पाणी आलं आणि तिथेच थांबलं. गेटबाहेर रस्त्यावर मात्र दोन्ही बाजूच्या सोसायट्यांचं पाणी लोंढ्यासारखं ओढ्याकडे चाललेलं, आणि आमच्या पाइपमधून येणारी धार त्यात कुठल्या कुठे हरवून जात होती.

सकाळी मावशी उशिरा आल्या. मी विचारलं काल कसं होतं. म्हणाल्या, "पाणी आलंच ताई. पायरीला लागलं, आत नाही आलं. पण तुमचं एकट्याचं थोडंच असतं ते, वर किती सोसायट्या हायेत." त्यांनी बोटांवर मोजल्या, रस्त्याच्या या बाजूला नऊ, त्या बाजूला अकरा, शिवाय शाळेचं मैदान, ते आता सगळं काँक्रीट केलंय.

मी त्या वीस नावांची यादी वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलीये. शेजारच्या सोसायटीने येत्या रविवारी त्यांच्या मीटिंगला बोलावलंय, त्यांच्याकडेही नऊ इंची पाइपचं कोटेशन आलंय. काका येतो म्हणालेत, नळी त्यांच्याकडेच आहे.